पीटर सिंगर पटतो तिथे त्याची थिअरी लागतच नाही

पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचं नाव निघालं की लोक दोन गटांत फुटतात. एका गटाला तो संत वाटतो, कमाईचा मोठा हिस्सा देऊन टाकणारा, मांस सोडलेला, लिहितो तसं बऱ्यापैकी जगणारा. दुसऱ्या गटाला तो राक्षस वाटतो, कारण गंभीर अपंगत्व घेऊन जन्मलेल्या बाळाचं आयुष्य संपवायचा निर्णय आईबापांना डॉक्टरांशी बोलून घेता आला पाहिजे असं तो म्हणतो. बरेचदा दोन्ही गट एकाच पुस्तकाबद्दल बोलत असतात, फक्त प्रकरणं वेगळी. मी स्वतः या दोन गटांत बरीच वर्षं ये-जा केलीय आणि आता कुठे एका जागी टेकलोय. मला वाटतं सिंगर जिथे बरोबर आहे तिथे त्याला त्याच्या थिअरीची गरजच पडत नाही, आणि जिथे थिअरी सोडून हातात दुसरं काही नसतं तिथेच तो घसरतो.

थिअरी म्हणजे उपयुक्ततावाद. प्रत्येक कृतीचे परिणाम बघा, सगळ्यांचं सुखदुःख एकाच तराजूत घाला, आपला-परका करू नका, आणि ज्यात बेरीज चांगली येते ते करा. ऐकायला एकदम स्वच्छ वाटतं. सिंगर मेलबर्नचा, जन्म १९४६, पुढे ऑक्सफर्डला आर. एम. हेअर या तत्त्वज्ञाच्या हाताखाली शिकला. त्या काळात इंग्रजी जगातले नीतिशास्त्रवाले बहुतेक 'चांगलं' या शब्दाचा अर्थ काय यावरच कीस काढत बसलेले असायचे, म्हणजे शब्दाचं पोस्टमॉर्टेम चालू आणि बाहेर व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं. त्या खोलीची खिडकी ज्या थोड्या लोकांनी उघडली त्यात सिंगर एक, आणि हे श्रेय त्याचे शत्रूसुद्धा त्याला देतात.

नोव्हेंबर १९७१. सिंगर पंचवीस वर्षांचा. पूर्व बंगालमध्ये वर्षभरापूर्वी भयानक चक्रीवादळ येऊन गेलेलं, मग पाकिस्तानी लष्कराने केलेली कत्तल, आणि नव्वद लाख माणसं सीमा ओलांडून भारतात आलेली. तो ऑक्सफर्डमध्ये बसून एक लेख लिहितो जो १९७२ मध्ये तत्त्वज्ञानाच्या एका जर्नलमध्ये छापून येतो आणि आज पन्नास वर्षांनीही वर्गावर्गात शिकवला जातो. त्यात सुरुवातीला चक्क हिशोब आहे. ब्रिटनने तोपर्यंत निर्वासितांसाठी दिले १ कोटी ४७ लाख ५० हजार पौंड, आणि काँकॉर्ड विमानाच्या खर्चातला ब्रिटनचा कधीच वसूल न होणारा वाटा तोवरच २७ कोटी ५० लाखांच्या वर गेलेला. ऑस्ट्रेलियाची मदत सिडनीच्या नव्या ऑपेरा हाऊसच्या खर्चाच्या बाराव्या हिश्श्याहून कमी. सगळ्या जगाने मिळून साधारण साडेसहा कोटी पौंड दिलेले आणि त्या माणसांना वर्षभर जगवायला लागणार होते ४६ कोटी ४० लाख. बाकीचं भारताने स्वतःच्या विकासाच्या पैशातून काढायचं, नाहीतर उपाशी मरू द्यायचं.

आणि मग ते तळं येतं. तुम्ही एका उथळ तळ्याच्या कडेने चाललाय, आत एक पोर बुडतंय. आत उतरलात तर कपडे चिखलाने माखतील, बाकी काही होणार नाही. उतरायचं की नाही? असा प्रश्न विचारणाराच वेडा वाटतो. ठीक आहे, सिंगर म्हणतो, मग ते पोर हजारो मैलांवर असलं आणि तुमच्या कपड्यांच्या किमतीत ते वाचणार असलं तर फरक नक्की कशाने पडला? अंतराने? शेजारी अजून दहाजण उभे आहेत आणि तेही बघतायत याने? दहाजण बघत उभे असले म्हणून पोर कमी बुडत नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस त्यातली चूक शोधत होतो, कारण चूक सापडली नाही तर खर्च आपल्यालाच होता. अंतर, अनोळखीपणा, सरकारचं काम आहे, मी एकटा काय करणार, एक एक पळवाट काढून बघितली आणि प्रत्येक वेळी परत तळ्याच्या काठावर. आता यातली खुबी बघा. तळ्याचं उदाहरण पटायला उपयुक्ततावादी असावं लागत नाही. देव मानणाऱ्याला पटतं, न मानणाऱ्याला पटतं, आयुष्यात तत्त्वज्ञानाचं एक पान न वाचलेल्या माणसाला तर सगळ्यात लवकर पटतं. सिंगरने हे मुद्दाम तसं रचलंय. त्याच लेखात तो आपल्या तत्त्वाची एक सौम्य आवृत्तीही देतो, की नैतिकदृष्ट्या महत्त्वाचं असं काहीही न गमावता वाईट टाळता येत असेल तर टाळा, आणि म्हणतो एवढंच मान्य केलंत तरी तुमचं आयुष्य बदलेल. तो तुमच्याकडे आधीपासून असलेलीच नीती घेतो आणि फक्त ती शेवटपर्यंत चालवून दाखवतो.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात याच्या पुढची अर्धी गोष्ट कुणी सांगत नाही. त्याच निर्वासितांमध्ये त्याच १९७१ च्या जूनमध्ये, म्हणजे हा लेख लिहिला जायच्या काही महिने आधी, पश्चिम बंगालमधल्या सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला होता. हॉस्पिटलमध्ये दोन खोल्या, सोळा खाटा, बाकी माणसं जमिनीवर. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. सलाइन लावायचं तर उलट्या आणि जुलाबांच्या त्या थारोळ्यात गुडघे टेकून बसावं लागायचं असं त्यांनी नंतर सांगितलंय. सलाइनचा साठा संपत आला तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांच्या पुड्या कोलकात्यात भरून घेतल्या, पाण्याच्या ड्रममध्ये कालवल्या आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले, तुम्हीच पाजा म्हणून. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा, बस. तोंडाने पाजायचं हे द्रावण तेव्हा डॉक्टरांच्या नजरेखाली तपासलेलं होतं, पण शिकाऊ माणसांच्या हाती, अशा गर्दीत, कुणी वापरलं नव्हतं. जिथे शंभरातले वीस-तीस जात होते तिथे त्यांच्या देखरेखीखालच्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आलं.

म्हणजे एकीकडे ऑक्सफर्डमधला एक पोरगा तर्काने सिद्ध करतोय की चिखलाने कपडे खराब होतील एवढ्या खर्चात जीव वाचवता येतो, आणि दुसरीकडे एक डॉक्टर खरोखरच गुडघाभर घाणीत उतरून त्याहून कमी खर्चात वाचवतोय. दोघांना एकमेकांची खबर असायचं कारण नव्हतं. 'दूरच्या मदतीचा काही उपयोग नसतो हो' असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी बनगाव सांगतो.

मात्र याच १९७१ च्या उदाहरणात सिंगरवरचा सगळ्यात चांगला आक्षेपही आहे. ती नव्वद लाख माणसं (पुढे आकडा आणखी वाढला) घरी गेली ती देणग्यांमुळे नाही. डिसेंबरमध्ये युद्ध झालं, १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, बांगलादेश स्वतंत्र झाला आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक लोक परतले. तळ्याच्या गोष्टीत पोराला ढकललं कुणी हे विचारलेलंच नाही. तिथे सरकार नाही, लष्कर नाही, सीमा नाही. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन, ज्याला २०१५ चं नोबेल मिळालं, तो याच अंगाने बोलतो की बाहेरून येणारा पैसा सरकारला आपल्याच लोकांना उत्तर देण्यापासून सोडवतो, आणि गरीब देशाचं खरं दुखणं तेच असतं. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. पण त्याने तळं आटत नाही. राजकारणाला वेळ लागतो आणि कॉलऱ्याला काही तास पुरतात. मार्च ते डिसेंबर या नऊ महिन्यांत जो मेला त्याला १६ डिसेंबरचा काय उपयोग? आक्षेपाने एवढंच ठरतं की देताना कुठे देतोय ते डोळे उघडे ठेवून बघा. देऊच नका हे त्यातून निघत नाही, आणि बहुतेक जण डीटनचं नाव घेतात ते मात्र नेमकं तेवढ्यासाठीच घेतात.

प्राण्यांचंही तसंच. १९७० मध्ये ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात जेवताना बरोबरच्या एका विद्यार्थ्याने स्पॅगेटीच्या सॉसमध्ये मांस आहे का असं विचारलं, सिंगरने त्याला का म्हणून विचारलं, आणि त्या गप्पांतून पाच वर्षांनी प्राण्यांच्या मुक्तीवरचं त्याचं ते प्रसिद्ध पुस्तक आलं. त्यातली मूळ कल्पना उपयुक्ततावादाचा पाया घालणाऱ्या जेरेमी बेंथमची, १७८९ ची: त्यांना विचार करता येतो का किंवा बोलता येतं का हे विचारू नका, त्यांना दुखतं का ते विचारा. 'स्पीशीझम', म्हणजे केवळ प्राण्याची जात वेगळी म्हणून केलेला भेदभाव, हा शब्दसुद्धा सिंगरचा नाही, रिचर्ड रायडरचा. सिंगरने काय केलं तर लोकांना पिंजरे दाखवले. पंख पसरता येत नाहीत एवढ्या जागेतली कोंबडी, वळताही येत नाही अशा खोक्यातलं वासरू, आणि ही माहिती बरीचशी त्या उद्योगाच्याच मासिकांतून काढलेली. मग विचारलं, तुमच्या जिभेच्या चोचल्यासाठी एवढं चालेल? इथेही उपयुक्ततावाद लागत नाही. उगाच कुणाला छळू नये एवढं पुरतं.

आता दुसरी बाजू.

१९७९ मध्ये त्याने व्यावहारिक नीतिशास्त्रावरचं पुस्तक काढलं. गर्भपात, दयामरण, गरिबी, प्राणी सगळं एका जागी, आणि ते जगभर पाठ्यपुस्तक म्हणून चाललं. तोवर तो मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात आलेला होता. या पुस्तकात थिअरी खरोखर कामाला लागते. नवजात बाळाला स्वतःची, भूत-भविष्याची जाणीव नसते, म्हणून त्याला मारणं आणि जाणत्या माणसाला मारणं या सारख्या गोष्टी नाहीत, असं तो म्हणतो. मग हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचं, उदाहरण येतं: हे बाळ गेलं आणि त्यामुळे आईबापांनी दुसरं निरोगी बाळ होऊ दिलं तर एकूण सुखाची बेरीज वाढेल, मग बेरजेच्या दृष्टीने बदली चालायला काय हरकत? तराजू तोच, तळ्यापाशी होता तोच. पण तळ्यापाशी तो आपल्या अंतःप्रेरणेच्या बाजूने होता आणि इथे तिच्या अंगावर येतो.

यावर लोक भडकले हे साहजिक. १९८९ मध्ये जर्मनीतली त्याची व्याख्यानं रद्द करायला लावली, १९९१ मध्ये झुरिकला तो बोलायला उभा राहिला तर एकाने मंचावर चढून त्याचा चष्मा ओढून घेतला आणि पायाखाली चिरडला. जमाव त्याला फॅसिस्ट म्हणत होता. त्याचे आईवडील १९३८ मध्ये व्हिएन्नाहून जीव मुठीत घेऊन पळालेले ज्यू, चार आजी-आजोबांपैकी तिघं नाझींच्या छळात गेलेले. त्याला नाझी म्हणणं हे अडाणीपणाचं आहे आणि चष्मा फोडून कुठला युक्तिवाद खोडला जात नाही हे माझं ठाम मत आहे. १९९९ मध्ये प्रिन्स्टनने त्याला प्राध्यापक केलं तेव्हाही व्हीलचेअरवरचे आंदोलक गेटवर आले, विद्यापीठाचे विश्वस्त स्टीव्ह फोर्ब्स यांनी देणगी थांबवतो म्हणून जाहीर केलं. पण खरं उत्तर यातल्या कुणी दिलं नाही. ते दिलं हॅरिएट मॅकब्राइड जॉन्सन नावाच्या वकीलबाईंनी.

जॉन्सनबाई साऊथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या. जन्मापासून स्नायूंचा आजार, मोटरची व्हीलचेअर. सिंगर चार्ल्सटनला बोलायला आला तेव्हा त्या श्रोत्यांतून त्याच्याशी भांडल्या, मग ई-मेलवर भांडण चालू राहिलं, आणि शेवटी त्याने त्यांना प्रिन्स्टनला बोलावलं, माझ्या विद्यार्थ्यांसमोर या आणि मला खोडून काढा म्हणून. २००२ मध्ये त्या गेल्या. तुमच्यासारखी मुलं जन्मतःच मारता आली पाहिजेत असं म्हणणाऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून जायचं का यावरून त्यांच्या चळवळीतल्याच लोकांनी त्यांना फैलावर घेतलं होतं. हे सगळं त्यांनी २००३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात लिहिलं. त्यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. रात्री जेवायला सगळे टेबलाशी बसलेत, शेजारी सिंगर, आणि बाईंचा उजवा कोपर घसरतो, काटा तोंडापर्यंत न्यायला हात पोचेना. एरवी उजवीकडे जो असेल त्याला त्या सांगतात, आज उजवीकडे हा. त्या त्याला जवळ बोलावून हळूच सांगतात, मनगट धर आणि एक इंच पुढे ओढ, उचलू नकोस. तो सांगितलं तसंच, अगदी तेवढंच करतो. आणि बाई पुन्हा जेवायला लागतात.

वादात जॉन्सनबाईंचा मुद्दा साधा होता. तुम्ही अपंग आयुष्याचं सुख मोजताय ते बाहेरून मोजताय. 'असं जगणं म्हणजे कमी सुखाचं' हा आकडा तुम्हाला कुणी दिला? मी वकिली करते, भांडते, मित्रमैत्रिणी आहेत, चांगलं खाते, आयुष्य मजेत चाललंय, आणि बघणारा मात्र व्हीलचेअर बघून मनात वजाबाकी करून मोकळा होतो. संशोधकांनाही हे दिसलंय, याला डिसॅबिलिटी पॅरॅडॉक्स असं नावच पडलंय, की गंभीर अपंगत्व असलेले कितीतरी लोक आपलं आयुष्य चांगलं चाललंय म्हणतात आणि धडधाकट माणसांना ते खरंच वाटत नाही. हा आक्षेप सिंगरच्या तराजूवरही नाही बरं का, तराजूत घातलेल्या वजनावर आहे. बेरीज-वजाबाकीवर सगळं सोडणाऱ्याने निदान आकडे तरी ज्याचे त्याला विचारावेत की नाही? तळ्यातल्या पोराला बुडायचं नाहीये हे कुणालाही कळतं, तिथे चुकायला जागा नाही. पाळण्यातल्या बाळाचं पुढचं साठ वर्षांचं आयुष्य किती मार्कांचं, हे मात्र कुठल्याच प्राध्यापकाला कळत नाही, आणि तिथे थिअरी जितकी काटेकोर तितकी चूक मोठी होते. २००८ मध्ये जॉन्सनबाई गेल्या तेव्हा सिंगरने त्यांच्यावर आदराने लिहिलं. पण त्याचं मूळ म्हणणं त्याने मागे घेतलं नाही.

तराजूवर जास्त भरवसा ठेवला की काय होतं याचा अजून एक नमुना, थोडक्यात. सिंगरच्या तळ्यातून पुढे इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम नावाची चळवळ उभी राहिली, म्हणजे मदत जिथे सगळ्यात जास्त कामी येते तिथेच हिशोब करून द्यायची. २००९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये टोबी ऑर्ड आणि विल मॅकॅस्किल यांनी कमाईचा दहावा हिस्सा आयुष्यभर देण्याची शपथ सुरू केली, मच्छरदाण्या, जंताची औषधं अशा स्वस्त आणि तपासलेल्या गोष्टींना पैसे जायला लागले. उत्तम काम. मग त्यातूनच कल्पना निघाली की भरपूर कमवा म्हणजे भरपूर देता येईल, आणि तिचा पोस्टर बॉय झाला सॅम बँकमन-फ्रीड. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचा क्रिप्टोचा डोलारा कोसळला, ग्राहकांचे पैसे त्याने परस्पर वापरल्याचं कोर्टात सिद्ध झालं, मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा. याचं खापर सिंगरच्या डोक्यावर फोडणं अन्यायाचं आहे. पण एकूण बेरीज शेवटी चांगली येणारच आहे असं ज्याला वाटायला लागतं त्याला मधला खोटेपणा किरकोळ खर्च वाटू शकतो, हा धोका त्या हिशोबाच्या पोटातच आहे. मच्छरदाणी देणाऱ्याला तो हिशोब लागत नव्हता.

आणि आता आईची गोष्ट, जी सिंगरचे विरोधक फार चवीने सांगतात. त्याच्या आईला अल्झायमर झाला. ती स्वतः डॉक्टर, बुद्धिमान बाई, शेवटी माणसं ओळखेनाशी झाली. सिंगरच्याच व्याख्येने ती आता 'पर्सन', म्हणजे स्वतःची जाणीव असलेली व्यक्ती, उरली नव्हती. आणि तो आणि त्याची बहीण तिच्यासाठी नर्सेसवर भरपूर पैसा खर्च करत होते, ज्यात कितीतरी तळ्यांतली कितीतरी पोरं निघाली असती. एका पत्रकाराने विचारल्यावर तो म्हणाला की हे मला वाटलं होतं त्याहून अवघड आहे बहुतेक, आपली आई असली की वेगळं असतं.

सापडला, दांभिक, असं म्हणून लोक हसले. मला त्यात दांभिकपणा दिसत नाही. मला असं दिसतं की त्या वाक्यात त्याने स्वतःच आपल्या थिअरीविरुद्ध साक्ष दिली आणि मग ती नोंदवून न घेताच पुढे गेला. 'वेगळं असतं' याला त्या तराजूत खाच नाही. बर्नार्ड विल्यम्स नावाचा दुसरा एक इंग्रज तत्त्वज्ञ होता, त्याने याच्या बऱ्याच आधी लिहून ठेवलं होतं की बायको आणि अनोळखी माणूस दोघं बुडत असताना 'ही माझी बायको आहे' एवढ्यावर जो थांबत नाही आणि 'अशा वेळी बायकोला वाचवणं नियमात बसतं' असाही विचार करतो, तो एक विचार जास्तीचा करतोय. आईच्या उशाशी बसलेला सिंगर तो जास्तीचा विचार करत नव्हता. चांगला मुलगा होता तो त्या वेळी. पुस्तकात मात्र तिच्यासाठी त्याने जागा केली नाही.

२०२१ मध्ये त्याला बर्ग्रुएन पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले, ते त्याने देऊन टाकले, निम्मे स्वतःच्या तळ्याच्या विचारातून उभ्या राहिलेल्या संस्थेला आणि बाकीच्यातले बरेचसे प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांना. २०२४ मध्ये तो प्रिन्स्टनमधून निवृत्त झाला. मला अजून अधूनमधून कुणीतरी भेटतं जे म्हणतं, अरे तो? तो तर स्वतःच्या आईच्या वेळी बदलला, त्याचं काय ऐकायचं, आणि एवढं म्हणून पाकीट परत खिशात. मी विचारतो, त्याच्या आईच्या नर्सचं बिल आणि तुझ्या पाकिटाचा संबंध काय? यावर अजून तरी कुणी उत्तर दिलेलं नाही, विषय बदलतात.